हवा गाळायचं यंत्र : आधी धूर, मग आकडे, मग खरेदी



दिवाळी सरली आणि सकाळी गॅलरीतून समोरची टेकडी धूसर दिसायला लागली की आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "एअर प्युरिफायर कोणता घ्यावा?" त्याखाली दहा उत्तरं येतात आणि दहाही वेगवेगळ्या कंपन्यांची. कुणी जाऊबाईंकडचा सांगतं, कुणी जाहिरातीतला. यंदा म्हटलं, एकदाच नीट लिहून ठेवावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. काही घरांत हे यंत्र खरंच लागतं. पण घरातला धूर आधी कमी करावा, मग यंत्राकडे वळावं. आणि घेताना कंपनीच्या नावापेक्षा आकडे बघावेत. यंत्र अगदी साधं असावं, एक पंखा आणि एक चांगला फिल्टर. खोक्यावर जी बाकीची वैशिष्ट्यं छापलेली असतात त्यांतली बरीचशी शोभेची असतात, आणि एखादं तर तब्येतीला अपायकारक असतं.

मी डॉक्टर नाही की इंजिनियर नाही. बी.कॉम. झाले आणि चाळीस वर्षं घर चालवलं. त्यामुळे दुकानदार बोलायला लागला की माझा हात आपोआप वही-पेनाकडे जातो, एवढंच. आमच्याकडे सासूबाई आहेत, वय ८६, जुना दमा. हिवाळ्यात रात्री दोन-दोन तास उशीला टेकून बसून काढायच्या. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "औषध देतोच आहे, पण यांची झोपायची खोली धूळ-धुरापासून सांभाळा." तेव्हा मी या विषयात शिरले. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते.

नेमकं काय गाळायचं?

उन्हाच्या तिरपेत तरंगताना दिसते ती धूळ मोठी असते. ती बरीचशी नाकातच अडकते. खरा त्रास न दिसणाऱ्या कणांचा. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. हे कण नाकातले केस, घसा सगळं ओलांडून फुप्फुसात खोलवर जातात. दमा, हृदयविकार, लहान मुलांची फुप्फुसं, या सगळ्यांना ते बाधतात.

आपल्या देशाने २००९ साली ठरवलेली मर्यादा अशी : घनमीटर हवेत हे कण वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅम आणि दिवसाच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपली शिफारस आणखी खाली आणली, वर्षाला ५ आणि दिवसाला १५. म्हणजे सरकारी तक्त्यात "समाधानकारक" असलेली हवासुद्धा दम्याच्या माणसाला समाधान देईलच असं नाही. रोजची हवा कशी आहे हे मोबाइलवर बघता येतं. आपल्या पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'सफर' ही व्यवस्था त्यासाठीच उभी केली आहे.

आधी घरातला धूर

आता जरा नाजूक विषय. आपण खिडक्या लावून घेतो, बाहेरच्या हवेला नावं ठेवतो आणि आत उदबत्ती लावतो. शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलंय. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सरासरी ४५ मिलिग्रॅम बारीक कण हवेत सोडते. सिगारेटच्या बाबतीत हाच आकडा १० मिलिग्रॅमच्या आसपास आहे. सुगंध चंदनाचा असला तरी फुप्फुसाला तो धूरच.

डास घालवायची कॉइल तर त्याहून वाईट. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. आपल्या घरांत जीवदयेमुळे कॉइल येत नाही असं आपण म्हणतो, पण पावसाळ्यात भाडेकरूच्या, कामवाल्या मावशींच्या, शेजारच्या घरातून तिचा वास येतोच. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळ्या बसवा. डासही वाचतो आणि आपणही.

धुपाचं मात्र एवढ्या सहज सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी देवघरात धूप घालत आल्या. साठ वर्षांहून जास्त. डॉक्टरांचं ऐकून आमचे चिरंजीव एक दिवस सरळ म्हणाले, "आजी, हे बंद." त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस जेवण कमी झालं. धूप हे अष्टद्रव्यांतलं एक द्रव्य. कर्म जळून जावीत ही त्यामागची भावना. ते नातवाने पंख्याच्या बटणासारखं बंद करायचं, हे कुणालाही लागेलच.

मी त्यांना घेऊन मंदिरात पंडितजींकडे गेले. ते म्हणाले, "कितीतरी ठिकाणी धुपाचं चूर्ण अग्नीत न घालता ताटातच अर्पण करतात. द्रव्य तेच, भाव तोच. श्वासाला त्रास होणाऱ्याने तसं करावं." घरी येताना रिक्षात सासूबाई आपणहून म्हणाल्या, "जन्मभर पाणी गाळून प्यायले ते जिवासाठीच ना? मग माझाही जीव जीवच आहे की." त्या दिवसापासून घरात धूप ताटात अर्पण होतो. पर्वाच्या दिवशी त्या मंदिरात, उघड्या ओसरीवर धूप घालतात. मला वाटतं, ज्या घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल आहे तिथे हा बदल आपण बायकांनीच पुढाकार घेऊन, मोठ्यांचा मान ठेवून करावा. मुलांच्या तोंडून तो हुकूम वाटतो.

स्वयंपाकघराचं थोडक्यात. चिमणीचा पाइप बाहेर सोडलेला असावा. काही चिमण्या हवा जाळीतून फिरवून पुन्हा घरातच सोडतात, त्यांना तेल अडतं पण धूर पुरता जात नाही. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून आपली फोडणी-भाजणी चार-पाच वाजताच होते, आणि हिवाळ्यात दुपारी बाहेरची हवा सकाळ-रात्रीपेक्षा बहुधा बरी असते. तेव्हा त्या वेळी खिडकी उघडून एक्झॉस्ट पंखा लावावा. आपल्या नियमाचा असाही फायदा. कोरडी झाडू जोरात मारण्यापेक्षा हलक्या हाताने केर काढून मग ओलं फडकं फिरवावं. वासाचे फवारे घरात नकोतच.

एवढं केलं की कित्येक घरांत यंत्राची गरजच राहत नाही. ही पायरी गाळून यंत्र आणणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं.

फिल्टर : शब्दांत फसू नका

ज्या घरात आजारी माणूस आहे, शेजारी बांधकाम चालू आहे, किंवा घर मोठ्या रस्त्यावर आहे, तिथे यंत्र घ्यावं. तिथे पहिला शब्द बघायचा तो हेपा.

अमेरिकेत १९४०च्या दशकात अणुप्रकल्पातले किरणोत्सारी कण अडवायला हे फिल्टर तयार झाले. अमेरिकी मापाप्रमाणे खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. युरोपच्या मापात 'एच १३' दर्जा लिहिलेला असतो, तो ९९.९५ टक्के. मला प्रश्न पडला होता, ०.३च का? त्याहून बारीक कण निसटत असतील की. तसं नाही. आपल्या पाणी गाळायच्या दुहेरी फडक्यासारखा हा फिल्टर नुसत्या भोकांवर चालत नाही. मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात आणि अतिबारीक कण हवेत वेडेवाकडे भटकत असल्यामुळे कुठेतरी तंतूला चिकटतातच. मधले ०.३च्या आसपासचे कण पकडायला सगळ्यांत अवघड, म्हणून परीक्षा त्यांचीच घेतात.

खोक्यावर "हेपा टाइप", "हेपासारखा", "९९ टक्के स्वच्छ हवा" असं लिहिलेलं असेल तर ते खरं हेपा नव्हे. दर्जा स्पष्ट लिहिलेला हवा. आणि "धुता येणारा हेपा" म्हणून विकतात त्यापासूनही चार हात लांब राहावं. कागदासारख्या बारीक तंतूंचा फिल्टर पाण्याने धुतला की त्याचं काम संपतं. धुवायची ती बाहेरची जाळी, आतला फिल्टर नाही.

खोलीचा हिशेब

नुसता फिल्टर चांगला असून भागत नाही, त्यातून तासाला किती हवा जाते हेही महत्त्वाचं. त्या आकड्याला सीएडीआर म्हणतात, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा. विक्रेत्याला सांगता आला नाही तर धन्यवाद म्हणून पुढच्या दुकानात जावं.

आपल्याला किती हवा? खोलीतली सगळी हवा तासाला पाचदा फिल्टरमधून जावी असं धरा. हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करायचा, पाचने गुणायचं आणि ३५ने भागायचं. सासूबाईंची खोली १२ बाय ११, उंची १० फूट. म्हणजे १,३२० घनफूट. पाचने गुणलं, ६,६००. ३५ने भागलं, साधारण १९०. म्हणजे किमान १९० घनमीटर सीएडीआर हवा. खोक्यावर आकडा घनफूट-मिनिटात, म्हणजे 'सीएफएम'मध्ये असेल तर १.७ने गुणलं की घनमीटर मिळतात.

आता खरी गोम. छापलेला सीएडीआर यंत्र पूर्ण वेगात चालताना मोजलेला असतो. त्या वेगात ते एवढा आवाज करतं की झोप लागत नाही. रात्री आपण वेग कमी करतो आणि हवा निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली. म्हणून १९० हवं असेल तर ३०० ते ३५०चं यंत्र घेऊन मधल्या वेगात चालवावं. दोन माणसांच्या भाजीला आपण अगदी कडेपर्यंत भरेल अशी कढई घेत नाही, तसंच.

"४०० चौरस फुटांसाठी" या छापील वाक्यावरही विश्वास ठेवू नका. २०० सीएडीआरच्या यंत्रावर असं लिहिलेलं असेल तर १० फूट उंचीच्या तेवढ्या जागेत ते तासाला पावणेदोन वेळाच हवा गाळतं. तेवढ्याने दम्याच्या माणसाला फरक पडत नाही. एकच यंत्र हॉलमध्ये ठेवून सगळं घर साफ होईल ही अपेक्षाही धरू नये. ज्याला त्रास आहे त्याच्या झोपायच्या खोलीत ठेवावं, दार-खिडकी लावावी, भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याआड नाही. रात्रीचे सात-आठ तास फुप्फुसाला विसावा मिळाला तरी पुष्कळ.

वर्षाचा खर्च मांडा

आपण किंमत विचारतो ती यंत्राची. कंपनी पैसे कमावते फिल्टरवर. एक उदाहरण मांडून दाखवते. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला.

पहिलं यंत्र १४,००० रुपयांचं, मोठं. पाच वर्षांचा घसारा धरला तर वर्षाला २,८००. फिल्टर ३,००० रुपयांचा, मधल्या वेगात आणि वर्षातले चार महिनेच चालवल्यामुळे दोन हंगाम पुरतो, म्हणजे वर्षाला १,५००. वीज : ४० वॅट, रोज १० तास, १२० दिवस म्हणजे ४८ युनिट. दहा रुपये दराने ४८०. एकूण ४,७८०.

दुसरं यंत्र ८,००० रुपयांचं, लहान. घसारा १,६००. पण लहान असल्यामुळे सतत पूर्ण वेगात पळतं आणि फिल्टर हंगामात दोनदा बदलावा लागतो. २,८०० रुपये गुणिले दोन, ५,६००. वीज तेवढीच धरली, ४८०. एकूण ७,६८०.

स्वस्त यंत्र वर्षाला २,९०० रुपयांनी महाग पडलं. म्हणून घेण्यापूर्वी विचारा : फिल्टर केवढ्याला, किती तास चालतो, आणि पुढच्या पाच वर्षांत मिळेल का? फिल्टर मिळेनासा झाला की चांगलं यंत्र भंगारात जातं. अपरिग्रहाच्या दृष्टीनेही हे वाईटच. एकच घ्यावं आणि पुष्कळ वर्षं वापरावं.

जे नको ते

पहिलं, ओझोन. काही यंत्रांत "आयन", "ताजी हवा", "पावसानंतरचा सुगंध" अशा नावांनी सोय दिलेली असते. त्यांतली काही यंत्रं ओझोन वायू तयार करतात. वर आकाशात ओझोन आपलं रक्षण करतो, पण खोलीत तो फुप्फुसाला झोंबतो, दमा वाढवतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरगुती यंत्रातून हवेत अब्जात ५० भागांपेक्षा जास्त ओझोन सोडायला कायद्याने बंदी आहे. आयनचं बटण असलेलं यंत्र घेऊच नये, असेल तर ते बंद ठेवावं.

दुसरं, अतिनील किरणांचा दिवा. तो जंतू मारण्यासाठी असतो. आपल्या दृष्टीने मुळात मारण्यासाठी बसवलेली वस्तू घरात आणायची का, हा प्रश्न आहेच. व्यवहाराने बघितलं तरी हवा त्या दिव्यासमोरून क्षणात पुढे जाते, घरगुती यंत्रातल्या छोट्या दिव्याचा उपयोग शंकास्पदच. फिल्टर कण अडवतो तेवढं पुरे. त्यासाठी चार हजार जास्त का मोजायचे?

तिसरं, झाडांचा भरवसा. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केला, तेव्हापासून "ही पाच झाडं हवा शुद्ध करतात" असे निरोप फिरतात. २०१९ साली संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. खऱ्या घरात खिडकी-दारांतून जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असं निघालं. झाडं लावा, मन प्रसन्न होतं. औषध म्हणून नको.

वासासाठी यंत्रात कार्बनचा थर असतो. तो कापडाला काळा रंग दिल्यासारखा पातळ असेल तर चार दिवसांत संपतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

यंत्र काय करत नाही

हे मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतं. हे यंत्र प्राणवायू देत नाही. श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ते काढत नाही, म्हणून दुपारी तास-दोन तास खिडक्या उघडायलाच हव्यात. आणि गॅस गीझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड ते काढत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद बाथरूममध्ये त्याने माणसं दगावली आहेत. "आमच्याकडे प्युरिफायर आहे" म्हणून गीझरच्या खोलीची झडप बंद करू नका.

"वायुकायाचं काय?"

स्वाध्यायाला येणाऱ्या एका अक्कांनी विचारलं, "पंखा लावला की वायुकायाच्या जीवांची विराधना होते, मग हे यंत्र दिवसभर?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचं शास्त्रीय उत्तर महाराजांकडूनच घ्यावं. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय. आपण श्रावक, आपला मार्ग अणुव्रतांचा. जे लागतं तेवढंच, आणि यत्नपूर्वक. खोलीत माणूस नसेल तर यंत्र बंद. हवा चांगली असेल त्या दिवशी बंद. धूर आधी कमी केला की यंत्र कमी वेळ चालवावं लागतं, हाही यत्नाचारच. पाणी गाळल्यावर जिवाणी परत विहिरीत सोडणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

त्याला जोडूनच पावसाळ्याचं. आपण पापड-लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून केवढी काळजी घेतो. दमट फिल्टरलाही बुरशी येते आणि मग यंत्र तीच खोलीभर पसरवतं. मेअखेर फिल्टर काढावा, तोंडाला फडकं बांधून बाहेरची जाळी पुसावी, सगळं कोरडं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावं. ऑक्टोबरअखेर वास घेऊन बघावा. कुबट असेल तर तो टाकून नवा.

यंत्र काम करतंय का हे कळायला कण मोजायचं छोटं मीटर मिळतं. ते एकटीने घ्यायची गरज नाही. आम्ही चौघींनी मिळून एक घेतलंय, घरोघर फिरतं. दार लावून, यंत्र पूर्ण वेगात चालवून, अर्ध्या तासात आकडा निम्म्याहून खाली आला पाहिजे. नाही आला तर यंत्र खोलीला लहान आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. परत करायची मुदत असतानाच ही परीक्षा घ्यावी.

मंदिराला यंत्र दान?

मागच्या दशलक्षण पर्वात एका भगिनीने स्वाध्याय सभागृहासाठी यंत्र द्यायची इच्छा बोलून दाखवली. भाव उत्तम. पण सभागृह ४० बाय ३०, उंची १२ फूट. वरचाच हिशेब लावला तर दोन हजारांवर सीएडीआर लागतो, म्हणजे मोठी पाच-सहा यंत्रं, आणि दारं तर सतत उघडी. पैसे वाया गेले असते. त्याऐवजी धूपदान बाहेरच्या ओसरीवर हलवलं आणि त्यांच्या दानातून भिंतीत दोन एक्झॉस्ट पंखे बसले. आता म्हाताऱ्या बायका खोकल्याशिवाय प्रवचन ऐकतात. दान देताना पावतीवरच्या नावाइतकाच त्याचा उपयोगही बघायला हवा.

शेवटी एक. यंत्र एक खोली साफ करतं. खाली सोसायटीच्या कोपऱ्यात माळी रोज सकाळी पालापाचोळा पेटवतो, तो धूर साठ घरांत जातो. आणि त्या ढिगाऱ्यात किती किडे-मुंग्या असतात याचा विचार आपण नाही करायचा तर कुणी करायचा? उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच ठरवलंय. माळ्याला दंड करायची मुळीच गरज नाही. त्याला कुणी दुसरी जागा दाखवलेली नसते म्हणून तो जाळतो. आमच्याकडे आम्ही चौघी कमिटीच्या बैठकीत गेलो आणि पाल्याच्या खतासाठी एक खड्डा मागून घेतला. शेजारच्या बांधकामावर हिरवी जाळी आणि पाण्याची फवारणी हवी, हे पत्र मीच लिहिलं, चाळीस सह्या घेतल्या. जाळी लागली, फवारणी कधी होते, कधी नाही. पुन्हा पत्र द्यायचंय.

सासूबाई यंदाचा हिवाळा खोकल्याशिवाय काढतील असं मी म्हणणार नाही, दमा तो दमाच. पण मागच्या वर्षी रात्री उठून बसायच्या वेळा कमी झाल्या, हे त्यांच्याच तोंडून ऐकलंय. तुमच्या घरात असं कुणी असेल तर या रविवारी खोलीची मापं घ्या, उदबत्तीचा पुडा बाजूला ठेवा आणि मगच दुकानात जा. काही अडलं तर विचारा, वही माझ्याकडे आहेच.

जय जिनेंद्र.